विश्लेषण : हिरड्यांतून रक्त, रक्तात साखर… तोंडातील जिवाणूंचा मोठ्या आजारांशी संबंध किती खरा?

ब्रश करताना बेसिनमध्ये लालसर थुंकी दिसली, तर बहुतेक जण टूथपेस्ट बदलतात किंवा ब्रश कडक असेल म्हणून विषय सोडून देतात. दुसरीकडे, दात नीट घासले नाहीत तर हृदयविकाराचा झटका येतो, स्मृतिभ्रंश होतो, असे ठासून सांगणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर फिरत असतात. संशोधनातून आतापर्यंत नेमके काय हाती लागले आहे?

तोंडात घडते काय?

माणसाच्या तोंडात जिवाणूंच्या ७०० हून अधिक प्रजाती आढळल्या आहेत. त्यातील बहुतेक निरुपद्रवी, तर काही चक्क कामाच्या आहेत. पालक, बीट यांतील नायट्रेटचे नायट्राइट करण्याचे काम जिभेवरचे जिवाणू करतात. त्यापासून शरीरात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्या सैल ठेवतो. लंडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये १९ निरोगी व्यक्तींना सात दिवस जंतुनाशक माउथवॉश वापरायला दिला, तेव्हा त्यांचा रक्तदाब २ ते ३.५ अंकांनी वाढला. प्रयोग छोटा होता, पण ‘९९ टक्के जंतू मारा’ छापाच्या जाहिराती पाहताना तो आठवायला हरकत नाही.

त्रास सुरू होतो तो दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर. तिथला चिकट थर साफ झाला नाही की त्याचे टणक किटण होते. हिरडी सुजते, रक्त येते. या टप्प्यावर दुखणे पूर्ण बरे होते. दुर्लक्ष झाले तर हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोल फट पडते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. बोलीभाषेत हाच पायरिया. फटीत प्राणवायू कमी असल्याने ‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस’सारखे जिवाणू तिथे फोफावतात. चावताना, ब्रश करताना त्यातले काही रक्तात उतरतात. शरीर त्यांचा लवकर निकाल लावते, पण हिरडीतला दाह मात्र वर्षानुवर्षे धुमसत राहतो आणि खरी भीती त्याचीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात १०० कोटींहून अधिक लोकांना हिरड्यांचा गंभीर विकार आहे.

मधुमेहाशी नाते सर्वांत पक्के का?

कारण ते दोन्ही बाजूंनी आहे. साखर वाढलेली असली की जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद कमी होते, जखमा उशिरा भरतात आणि हिरड्या लवकर खराब होतात. हॅराल्ड लो या दंतसंशोधकाने १९९३ मध्येच हिरड्यांच्या विकाराला ‘मधुमेहाची सहावी गुंतागुंत’ म्हटले होते. उलट दिशेने, हिरड्यांतील दाहामुळे इन्शुलिनचा परिणाम मंदावतो.

मग हिरड्या सुधारल्या तर साखर उतरते का? कोक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये ३५ चाचण्यांमधील ३,२४९ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. हिरड्यांवर उपचार झालेल्यांचे एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, तीन-चार महिन्यांनी ०.४३ अंकांनी कमी आढळले. अहवालात ८.४ असेल तर साधारण ८. गोळी न वाढवता झालेली ही घट किरकोळ नाही. मात्र अमेरिकेत ५१४ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत २०१३ मध्ये असा फायदा दिसला नव्हता. त्या चाचणीतील हिरड्यांची सफाईच पुरेशी नव्हती, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. त्यामुळे ही सफाई औषधाला जोड ठरते, पर्याय नाही.

हृदयविकाराचे काय?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. हृदयाच्या झडपांना होणारा जंतुसंसर्ग तोंडातील जिवाणूंमुळे थेट होऊ शकतो. म्हणूनच कृत्रिम झडप बसवलेल्यांना दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक दिले जाते. हृदयविकाराचा झटका ही वेगळी बाब आहे. पायरिया असलेल्यांमध्ये त्याचे प्रमाण जास्त दिसते, पण त्यांच्यात तंबाखू, मधुमेह आणि गरिबीही जास्त असते. हे घटक वजा करूनही संबंध उरतो, मात्र एकामुळे दुसरे होते हे सिद्ध झालेले नाही, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये स्पष्ट केले. हिरड्यांच्या उपचारानंतर सहा महिन्यांनी रक्तवाहिन्यांचे काम सुधारल्याचे १२० जणांवरील अभ्यासात २००७ मध्ये दिसले होते. झटके टळतात का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

स्मृतिभ्रंशाचा दावा कुठे अडला?

अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत ‘जिंजिव्हॅलिस’च्या खुणा सापडल्याचे संशोधन २०१९ मध्ये गाजले. त्यामागील कंपनीने या जिवाणूच्या विकरांना रोखणारे औषध तयार केले. सहाशेहून अधिक रुग्णांवरील चाचणीत २०२१ मध्ये ते मुख्य निकषांवर अपयशी ठरले. शिवाय ज्याला विसर पडतो त्याचे दात घासणेही सुटते, म्हणजे हिरड्यांचा आजार हा परिणामही असू शकतो. घाईचा इतिहास जुनाच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दातांतील जंतूच सर्व रोगांचे मूळ मानून अमेरिकेत मनोरुग्णांचे दात सरसकट उपटले गेले. त्यांचा आजार त्याने बरा झाला नाही.

महाराष्ट्रात अडचण कुठे?

आयसीएमआरच्या २०२३ मधील अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यांचे डोळे, पाय, मूत्रपिंड तपासण्याचा सल्ला दिला जातो, हिरड्यांची चौकशी क्वचितच होते. आरोग्य विम्यातही दातांचे नेहमीचे उपचार सहसा बसत नाहीत. त्यात मिश्रीची भर. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर १९९२ पासून बंदी आहे, पण तव्यावर भाजलेली तंबाखू घरोघरी हिरड्यांवर चोळली जाते ती ‘दात साफ होतात’ या समजुतीने. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये तर निकोटिनमुळे हिरड्यांतून रक्त कमी येते आणि आजार लपून राहतो.

‘स्केलिंगने दात सैल होतात’ ही भीती अनेकांना दवाखान्यापासून दूर ठेवते. प्रत्यक्षात हाड आधीच झिजलेले असते आणि फटी किटणाने भरलेल्या असतात. किटण निघाल्यावर त्या दिसू लागतात, दात हलताहेत असे वाटते आणि दोष सफाईवर येतो. मधुमेह असलेल्यांनी दंतवैद्याला तो आवर्जून सांगावा. चाळिशीनंतर हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल, तर एकदा साखरही तपासून घ्यावी.