चहा-बिस्किट म्हणजे न्याहारी नव्हे

सकाळी चहा-बिस्किट दिलं की लेकरू खाऊन शाळेत गेलं, असं आपल्याकडं बरेच जण धरून चालतात. आम्हाला हे पटत नाही.

मित्रांनो, आपण झोपलो तरी शरीर झोपत नाही. हृदय, श्वास, मेंदू यांचं काम चालूच असतं. अन्न पचून त्याची साखर रक्तात येते, प्राणवायूच्या मदतीनं ती पेशींत जळते आणि ऊर्जा मिळते. थोडी साखर यकृत साठवून ठेवतं. रात्री आठला जेवलेलं पोर सकाळी दहाला वर्गात बसतं, म्हणजे मधे चौदा तास! तोवर तो साठा बराच संपलेला असतो. मग गणित डोक्यात कसं शिरणार?

कुणी म्हणेल, बिस्किटातही ताकद असते. असते की. वजनाला वजन धरलं तर भाकरीपेक्षा जास्तच उष्मांक असतात. पण ती ताकद मैदा, साखर आणि तेलाची. अंग भरायला प्रथिनं लागतात, ती बिस्किटात थोडीच. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे पंचवीस ग्रॅम असतात. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी किंवा पिठलं, ही आपल्या घरचीच न्याहारी आहे. मात्र ती चहात बुडवून खाऊ नये. चहामुळं धान्या-डाळीतलं लोह अंगी कमी लागतं. वर लिंबू पिळलं तर जास्त लागतं. चहा प्यायचाच तर तासाभरानं प्यावा.

शाळेत दुपारी जेवण मिळतंच, असंही पालक म्हणतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० उष्मांक लागतात. बाकीचे घरातूनच यायला हवेत.

अंगमेहनतीला जास्त अन्न लागतं हे जुन्या माणसांना चांगलं ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळायची. आज आई दिवसभर खुरपते, पाणी भरते, आणि सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाते. लोह तर बाईला पुरुषापेक्षा जास्त लागतं. घरात सगळ्यांनी एकदम जेवायला बसावं, असं आमचं मत आहे. मग टोपल्यात किती भाकरी उरल्यात ते सगळ्यांनाच दिसेल.

– इयत्ता सातवी