शाफ्ट घेताना
पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुला मागे पडून वरवंड येईतो जोरकस मोटारवाल्याचा पाय शिवशिवतो. अशांना माझे सांगणे, मागची चाके फिरवणारा शाफ्ट बदलताना नुसती ताकद पाहू नका. प्रत्येक शाफ्टला एक घातक वेग असतो. त्या वेगाला तो धनुष्यासारखा वाकून थरथरतो. लांबी दुप्पट, तर हा वेग चौथाई! म्हणून लांब शाफ्ट दोन तुकड्यांत, मध्ये बेअरिंग देऊन बसवतात. भरीव दांड्यापेक्षा पोकळ, रुंद नळी बरी. तोल मात्र यंत्रावर तपासलेला हवा. शिवाय पुढच्या टोकाशी पोलादी कडे बसवावे. तिथला क्रॉस तुटलाच, तर सुटलेले टोक रस्त्यात रुतून गाडी उलटू शकते. कडे ते वरच्यावर झेलते. मागच्या बाकावर आपलीच मुलेबाळे असतात!