शिलाई मशीन दिलं, पण कोणतं?

२०२४ च्या पावसाळ्यात पाथर्डी तालुक्यातल्या एका गावी बचत गटाच्या बैठकीला गेले होते. ज्या ताईंच्या घरी बैठक होती तिथे दोन शिलाई मशिनं होती. एक काळं, सोनेरी वेलबुट्टी पुसट झालेलं, पायाने चालवायचं, सासूबाईंच्या काळातलं. दुसरं पांढरं, हलकं, एका योजनेतून दोन वर्षांपूर्वी मिळालेलं. पांढऱ्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या रचलेल्या. विचारलं तर ताई म्हणाल्या, "ते शोभेला हाये. पोटाला हे जुनंच."

बैठकीतल्या आणखी दोघींची तीच तऱ्हा निघाली. आणि मला योजनांच्या आढाव्यात हमखास ऐकू येणारं वाक्य आठवलं : बायका मशीन घेतात आणि चालवत नाहीत, घरात पडून असतं. हे वाक्य मीही पूर्वी मान डोलावून ऐकलेलं आहे. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला सक्षमीकरणाच्या व्याख्या शिकवल्या, शटल म्हणजे काय ते कुणी शिकवलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, की बाई, पडून का आहे?

त्या वर्षी राज्य सरकारने शाळेच्या गणवेशांची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांच्या बायकांकडे दिली होती. ताईंनी हौसेने काम घेतलं. नव्या मशीनवर ब्लाऊज, परकर, पिको-फॉल छान होत होतं. पण पँटच्या कंबरपट्टीत कापडाच्या सहा-सहा घड्या येतात. दिवसाला आठ-नऊ तास बसायचं. दुसऱ्याच आठवड्यात टीप सुटायला लागली, मग सुया मोडायला लागल्या, मग आतलं प्लॅस्टिकचं दातेरी चाक गेलं. तालुक्याच्या मेकॅनिकने उघडून पाहिलं आणि सांगितलं, भाग मागवावा लागेल, सुटा मिळत नाही, अख्खा संच घ्यावा लागेल. ताईंनी उरलेले गणवेश सासूबाईंच्या मशीनवर काढले.

गणवेश वेळेवर मिळाले नाहीत अशी राज्यभर ओरड झाली आणि २०२४ च्या डिसेंबरात ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवायचं ठरलं. बायकांना जमलं नाही, असा बोलबाला उरला. कापड उशिरा आलं, शिलाईचा दर परवडणारा नव्हता, याची थोडी तरी चर्चा झाली. पण या बायका कोणत्या मशीनवर शिवत होत्या, हा प्रश्न मी कुठल्याही बातमीत वाचला नाही.

आता जुन्याचं गुपित काय ते पाहू. सिंगर कंपनीचं मशीन आपल्या देशात १८७० च्या दशकात आलं. कलकत्त्याला जय इंजिनिअरिंगने 'उषा' काढली ती १९३० च्या दशकात. या काळ्या मशिनांची घडण साधी आहे. अंग बिडाचं, आतले दांडे आणि दातेरी चाकं पोलादाची, आणि जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे तेल घालायला भोक. एखादा भाग झिजला तर बराचसा फरक स्क्रू आवळून काढता येतो. मुख्य म्हणजे ही एकच घडण इतक्या कारखान्यांनी उचलली, की लुधियानात बनणारं बॉबीन-केस किंवा शटल बहुतेक काळ्या मशिनांना बसतं. तालुक्याच्या बाजारात सुटे भाग मिळतात आणि एक पेचकस, एक तेलाची बाटली असलेला कुणीही मेकॅनिक ते बसवतो. म्हणजे जुन्या मशीनचा टिकाऊपणा त्याच्या लोखंडात जितका आहे, तितकाच बाजारपेठेतल्या त्या मेकॅनिकच्या टपरीतही आहे.

नवं हलकं मशीन मुळात वेगळ्या घराचा विचार करून केलेलं असतं. शहरातल्या फ्लॅटमध्ये आठवड्यातून दोन तास शिवणाऱ्या, काम झालं की कपाटात ठेवणाऱ्या बाईसाठी. त्यात झिगझॅग आहे, काजं करता येतात, उचलायला सोपं आहे. नायलॉनची चाकं आवाज कमी करतात, तेलही कमी मागतात. त्या घरात ते उत्तम चालतं. वाईट मशीन आणि चुकीच्या कामाला दिलेलं मशीन यांत फरक आहे, आणि आपल्या बायकांच्या वाट्याला बहुधा दुसरं येतं. वाटपात किती नग गेले ते मोजतात, तीन वर्षांनी किती चालू आहेत ते मोजत नाहीत. त्यामुळे यादीत 'शिलाई मशीन' एवढे दोन शब्द पुरतात.

पण मैत्रिणींनो, 'जुनं ते सोनं' म्हणायला मी तयार नाही. आजीचं मशीन पन्नास वर्षं चाललं असं आपण म्हणतो तेव्हा त्याच्या बरोबरची जी मोडली ती केव्हाच भंगारात गेली, हे विसरतो. आपल्यासमोर उरलेली दिसतात, म्हणून सगळीच चांगली होती असं वाटतं. फार जुन्या मशिनांत होडीसारखं लांब शटल असतं. त्याची बॉबीन आज शोधून मिळत नाही. शिवाय जुन्या बाजारात रंग मारून, नवी सोनेरी फुलं चिकटवून विकलेली मशिनंही असतात. सुईचा दांडा बोटांत धरून हलवा. डुगडुगला तर नको.

आणि पायटा. त्याबद्दल आपण बोलतच नाही. सासूबाईंना मी विचारलं, मशीनने कधी त्रास दिला का? त्या म्हणाल्या, "मशीनला काय व्हतंय, गुडघे माझे गेले." दिवसभर पायटा मारणं, वाकून सुईकडे बघणं, गरोदरपणात, पाळीत, बाळंतपणानंतर सव्वा महिन्यात पुन्हा बसणं. बिडाचं मशीन झिजलं नाही, कारण झिज दुसरीकडे झाली. मोटर आली ती या दृष्टीने मोठी सोय आहे. कारखान्यात वापरतात त्या जड मशीनला पूर्वी क्लच मोटर असायची, ती टीप मारा नाही तर नका मारू, फिरतच राहायची. आता सर्व्हो मोटर मिळते. पाय दाबला तरच फिरते, वीज बरीच वाचते, आवाजही होत नाही. आमच्या भागात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून कित्येक जणींनी मधला मार्ग काढलाय : जुन्या काळ्या मशीनला छोटी मोटर, खाली लोखंडी स्टँड तसाच. वीज असली की मोटर, गेली की पाय. नव्या-जुन्याच्या भांडणात मला हीच तडजोड सगळ्यात शहाणी वाटते, आणि ती कुठल्या तज्ज्ञाने नव्हे, शिवणाऱ्या बायकांनीच काढली.

जाता जाता एक गोष्ट. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली शिलाई मशीनचा अपवाद केला होता. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते शोधलं, असं त्यांनी सांगितलं. आयझॅक सिंगरचं चरित्र पाहिलं तर गृहस्थाने एकाच वेळी अनेक संसार थाटले होते आणि मुलांची संख्या वीसच्या घरात होती. यंत्र चांगलं असायला यंत्रवाला चांगला नवरा असावा लागत नाही, एवढंच.

नवऱ्याचा विषय निघालाच आहे तर मशीन कुणाच्या नावावर, हेही बोलू. आपल्याच जिल्ह्यात संगमनेरला १९८८ साली समता आंदोलनाने परित्यक्ता बायकांची परिषद घेतली, निशाताई शिवूरकरांनी तो प्रश्न पुढे लावून धरला. टाकलेल्या बाईला 'एखादं मशीन घेऊन द्या' हा सल्ला तेव्हाही सगळे द्यायचे, आजही देतात. पण घर सोडताना मशीन सासरीच राहतं, हे आम्ही कित्येक प्रकरणांत पाहिलंय. माहेरून लग्नात मिळालेलं मशीन हे स्त्रीधन आहे, त्यावर हक्क तिचा. पावती असली तर ते मागता येतं. पावती तिच्या नावाने हवी आणि तिच्याजवळ हवी.

२०१६ च्या डिसेंबरात राज्य सरकारने बऱ्याच योजनांत वस्तू देण्याऐवजी पैसे थेट खात्यात टाकायचं धोरण आणलं. जिल्हा परिषदेच्या मशीनचंही तसंच : आधी आपण विकत घ्यायचं, पावती द्यायची, मग अनुदान. पदरचे पैसे आधी घालायला गरीब बाईजवळ नसतात, हा त्यातला मोठा दोष, आणि तो सुटलेला नाही. पण निवड तिच्या हातात आली, हे खरं. सप्टेंबर २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत शिंपीकामही आहे, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आहे. म्हणजे दुकानात उभं राहून 'हे नको, ते द्या' म्हणायची वेळ आता आपल्यावर आहे. ('मोफत शिलाई मशीन'चे मोबाईलवर फिरणारे फॉर्म मात्र भरू नका. त्यातले बहुतेक खोटे असतात, आधारचा नंबर आणि पैसे दोन्ही जातात.)

तेव्हा दुकानात जाताना आपलं कापड घेऊन जा. ज्या कामावर पोट आहे तेच कापड. गणवेशाचं असेल तर त्याच्या सहा घड्या, गोधडीचं असेल तर गोधडीचा कोपरा. बसून टीप मारा, उलटून खालची टीप बघा. चाक हाताने सावकाश फिरवा, कुठे अडलं तर विचारा. आयएसआयचं चिन्ह बघा. दुकानदाराला विचारा, याचं दातेरी चाक सुटं मिळतं का, आणि कुठे. त्याने 'कंपनीकडून मागवू' म्हटलं तर दुसरं दाखवायला सांगा. तो चिडेल. चिडू दे.

आम्ही पाथर्डी आणि शेवगावच्या गटांत एक नोंदवही सुरू केली आहे. मशीन कधी आलं, कोणत्या कामाला वापरलं, किती वेळा बिघडलं, दुरुस्तीला किती दिवस आणि किती पैसे गेले, पावती कुणाच्या नावाची. वर्षभराची नोंद घेऊन जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीकडे जायचं, आणि शिवणवर्गाच्या प्रशिक्षणातच मशीन दुरुस्तीचे आठ दिवस घालावेत, अशी मागणी करायची आहे. गावात दुरुस्ती करणारी एक बाई तयार झाली तरी तालुक्याच्या चार खेपा वाचतील. अकोले, जामखेड, कर्जतच्या गटांनी हीच नोंद ठेवली तर मागणीला वजन येईल. वहीचा नमुना हवा असेल त्यांनी संपादकांकडे निरोप ठेवावा.