आरशांतलें दुसरें घर

रात्रीच्या वेळीं आरशांत पाहूं नये, हा दंडक आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं आजीच्या तोंडून ऐकलेला असेल. कारण विचारण्याची सोय नव्हती. विचारलेंच तर 'नये म्हटलें ना!' एवढेंच उत्तर मिळे. परवां घरांतील तरुण मंडळींच्या आग्रहानें भुताटकीच्या आरशाचा एक जुना इंग्रजी बोलपट आम्हीं पाहिला, तेव्हां त्या दंडकाची आम्हांस पुन्हां आठवण झाली.

बोलपटाचें नांव 'डेड ऑफ नाइट'. लंडनच्या ईलिंग चित्रसंस्थेनें तो १९४५ सालीं काढला. एका खेड्यांतील घरीं जमलेली मंडळी आपापल्या विलक्षण गोष्टी सांगतात. त्यांतील आरशाची गोष्ट रॉबर्ट हॅमर यांनीं दिग्दर्शित केली आहे. जोन ही तरुणी आपला नियोजित वर पीटर यास एक जुना आरसा भेट देते. पीटर आरशापुढें उभा राहतो, तों स्वतःच्या खोलीऐवजीं त्यास एक परकी, गतकाळची खोली दिसते. तींत मोठा छपरी पलंग आहे, शेगडी पेटलेली आहे. जोनला मात्र नेहमींचीच खोली दिसते! पुढें दोघांचें लग्न होतें, आणि पीटर दिवसेंदिवस संशयी होत जातो. दुकानदाराकडून जोनला कळतें कीं, आरशाचा पूर्वीचा धनी अपघातानें पंगू होऊन त्या खोलींत पडून असे. मत्सराच्या भरांत त्यानें पत्नीचा गळा दाबला व आरशापुढें बसून आत्मघात केला. जोन घरीं परतते, तों पीटरच्या तोंडीं तेच आरोप! गळ्याभोंवतीं फास आवळला जात असतां तिलाही ती खोली दिसते, आणि ती आरसा फोडते. पीटर भानावर येतो. त्यास कांहींच आठवत नाहीं.

या गोष्टींत भूत असें कोठेंच दिसत नाहीं. तरीही अंगावर कांटा येतो. कारण एकाच आरशापुढें दोघें उभीं असतां एकास दिसतें तें दुसऱ्यास दिसत नाहीं. खरें भय या एकटेपणाचें आहे. जोन पीटरला वेडा ठरवीत नाहीं, त्यास आपल्यासमवेत पुन्हां पाहावयास लावते. आणि आरसा फुटतो, तो तिला स्वतःला ती खोली दिसल्यावरच.

आरशांत भलतें दिसणें ही निव्वळ कविकल्पना नव्हे. इटलींतील मानसशास्त्रज्ञ जोव्हान्नी कापुतो यांनीं २०१० सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. ५० व्यक्तींस मंद उजेडांत १० मिनिटें स्वतःचेंच प्रतिबिंब पाहत बसविलें. ६६ टक्के व्यक्तींस आपला चेहरा विद्रूप झालेला दिसला, ४८ टक्क्यांस अद्‌भुत वा राक्षसी आकृति दिसल्या. दृष्टि एका बिंदूवर खिळली कीं भोंवतालचें पुसट होत जातें, हें ट्रॉक्सलर यांनीं १८०४ सालींच नमूद केलें होतें. तेव्हां आजीचा दंडक अगदींच पोकळ नव्हता!

२०१३ सालच्या 'ऑक्युलस' या माइक फ्लॅनगन यांच्या चित्रपटांत याची दुसरी बाजू दिसते. आईबापांच्या मृत्यूचा दोष आरशाचा कीं माणसाचा, यावर भावाबहिणीचें एकमत नाहीं. बहीण कॅमेरे लावते, गजरांचीं घड्याळें मांडते, आरसा फोडावयास जड नांगर टांगते. तो नांगर अखेर तिच्याच अंगावर कोसळतो, आणि तोही भावाच्याच हातून. साधनें सारीं होतीं. परंतु दोघांच्या दृष्टीस एकच गोष्ट पडत नव्हती.

आपल्या भरल्या घरांतही एखादी सून किंवा मुलगा 'मला कांहींतरी दिसतें' म्हणूं लागतो. आपण एक तर हंसतों, नाहीं तर मीठमोहऱ्या ओवाळून मोकळे होतों. दोन्ही उपायांत त्याच्याजवळ बसून ऐकणें तेवढें टळतें. डॉक्टरांस दाखवावयाचें तें अवश्य दाखवावें. पण तेथवर त्याचा हात धरून कोणी न्यावयास नको काय? आजीच्या दंडकास आम्ही एवढीच पुस्ती जोडूं: रात्रीं कोणी आरशापुढें भ्यालेलें दिसलें, तर लांबून हांका न मारतां आपण जाऊन त्याच्या शेजारीं उभें राहावें.