जुना सर्व्हर की नवा लॅपटॉप?

कळंबोलीच्या लोखंड बाजारात पेढी असलेल्या एका वाचक बंधूंनी विचारले आहे की, एका व्यापाऱ्याकडून जुना सर्व्हर नव्या लॅपटॉपच्या निम्म्या किमतीत मिळत आहे. आत झिऑन ई५-२६७० या जातीचे दोन प्रोसेसर आहेत. दुसरीकडे चिरंजीवांचा आग्रह कोअर आय५-१२४०पी असलेल्या लॅपटॉपचा. ‘सर्व्हर तो सर्व्हरच, लॅपटॉप त्याची बरोबरी कशी करणार?’ असा त्यांचा प्रश्न आहे. पेढीचे सारे हिशेब ज्या यंत्रावर ठेवायचे, त्याविषयीचा हा प्रश्न असल्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो.

प्रथम त्या जुन्या प्रोसेसरचा मान राखला पाहिजे. मार्च २०१२ मध्ये तो बाजारात आला तेव्हा केवळ त्या एका चिपची घोषित किंमत १,५५२ डॉलर होती. पुण्याच्या सी-डॅकने फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘परम युवा-२’ हा महासंगणक राष्ट्राला दिला, त्यात हेच ई५-२६७० प्रोसेसर होते. सोबतच्या सहायक प्रोसेसरांसह त्याची कमाल क्षमता ५२४ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला ५२४ लाख कोटी गणिते, इतकी होती. १९९१ च्या ‘परम ८०००’ पासून सुरू झालेल्या परंपरेतील हे यंत्र. तेव्हा आपल्या वाचकांना देऊ केलेली वस्तू सामान्य कुळातील नाही.

परंतु कुळ पाहून उधारी देत नाहीत, हे व्यापाऱ्यांना मी काय सांगावे! आयकराच्या हिशेबात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. त्या दराने एक लाखाच्या संगणकाचे पुस्तकी मूल्य दहा वर्षांनी सुमारे ६०५ रुपये उरते. कायद्याने संगणकाला एवढे अल्पायुषी का मानले असावे, हे या दोन प्रोसेसरांची तुलना केली की उमगते.

ई५-२६७० मध्ये आठ कोअर आहेत. कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आत स्वतंत्रपणे काम करणारा एक कारकून समजावा. आठही कारकून समान योग्यतेचे. मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ, गरजेपुरता ३.३ पर्यंत. २०२२ च्या आय५-१२४०पी मध्ये बारा कोअर आहेत, पण ते दोन श्रेणींचे: चार तडफदार मुनीम आणि आठ कमी खर्चात किरकोळ कामे उरकणारे मदतनीस. मुनिमांचा वेग ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. शिवाय नवा मुनीम घड्याळाच्या एका ठोक्यात जुन्यापेक्षा अधिक काम उरकतो. त्यामुळे एकट्या कोअरचे काम मोजले तर नवा जुन्याच्या दुपटीच्या आसपास भरतो.

पेढीच्या दृष्टीने हीच मेख आहे. खतावणी उघडणे, ताळेबंद काढणे, जीएसटीचे विवरण तयार करणे, ही हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील कामे बहुतांशी एका वेळी एका कोअरवर चालतात. एकाच रोजकीर्दीवर सोळा कारकून बसवून बेरीज लवकर होत नाही. दोन झिऑनचे सोळा कोअर तेव्हाच उपयोगी, जेव्हा पंचवीस-तीस माणसे दिवसभर एकाच यंत्रावर नोंदी करीत असतील. आपल्या वाचकांच्या गादीवर चार माणसे आहेत.

आता विजेचा हिशेब. जुन्या चिपची औष्णिक मर्यादा ११५ वॅट, आणि अशा दोन. नव्या चिपची मूळ मर्यादा २८ वॅट, जोर लागला तर थोडा वेळ ६४ पर्यंत. जुना सर्व्हर रिकामा बसूनही वीज खातो. त्याचा सरासरी वापर १५० वॅट धरला आणि तो अहोरात्र चालू ठेवला, तर महिन्याला १०८ युनिट होतात. १२ रुपये दराने १,२९६ रुपये, म्हणजे वर्षाला साडेपंधरा हजार. खोली थंड ठेवण्याचा खर्च निराळा. लॅपटॉप सरासरी २० वॅटवर दिवसाला दहा तास, महिन्यात २६ दिवस चालला तर ५.२ युनिट. निम्म्या किमतीचा लाभ किती महिने टिकतो, ते वाचकांनीच ताडावे. शिवाय कामोठे-कळंबोलीकडे वीज गेली तर लॅपटॉपची बॅटरी निदान चालू नोंद तरी पूर्ण करू देते.

मग सर्व्हरमध्ये चांगले काहीच नाही का? आहे, आणि ते मोलाचे आहे. त्याच्या स्मृतीत दर ६४ अंशांमागे आठ अंश केवळ पडताळ्यासाठी असतात. एखादा अंश आपोआप उलटला तर यंत्र ती चूक जागीच दुरुस्त करते. बँकेत आम्ही दिवसाअखेर जमा-नावेचा मेळ घालीत असू, तेच काम येथे क्षणोक्षणी चालते. साधारण लॅपटॉपमध्ये ही सोय नसते. शिवाय सर्व्हरमध्ये एक डिस्क बिघडली तरी दुसरीवर काम चालू ठेवण्याची व्यवस्था करता येते, आणि तो सतत चालण्यासाठीच घडवलेला असतो. लॅपटॉप मात्र झाकण मिटून वर्षानुवर्षे अहोरात्र विजेला जोडून ठेवू नये. बॅटरी फुगण्याचा धोका असतो.

एक बाब मात्र मला निर्णायक वाटते. त्या काळच्या सर्व्हरवर बहुधा आढळणारी विंडोज सर्व्हर २०१२ ही प्रणाली असेल, तर तिचा नियमित आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला आहे. ज्या यंत्राच्या सुरक्षेची डागडुजी थांबली, त्यावर ग्राहकांची येणी आणि बँकेचे तपशील ठेवणे मला मान्य नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. बारा वर्षे राबलेले यंत्र आणखी सहा वर्षे टिकेल, यावर मी तरी कर्ज मंजूर केले नसते.

तेव्हा चिरंजीवांचे म्हणणे ग्राह्य धरावे. १६ जीबी स्मृती आणि एसएसडी असलेला लॅपटॉप घ्यावा. वाचलेल्या पैशांतून दोन बाह्य डिस्क आणाव्यात. एकीवर रोज सायंकाळी प्रत घ्यावी, दुसरीवर दर शनिवारी, आणि ती दुसरी पेढीत न ठेवता घरी न्यावी. महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून हिशेब खरोखर उघडतो का, हे चिरंजीवांकडून आपल्यासमोर करवून घ्यावे.