धूरगाडी नको, घरोघरचे पाणी तपासा

संपादक महोदय,



पावसाळा ओसरू लागला की आपल्या सदरात ‘आमच्या आळीत अजून धूरगाडी फिरली नाही’ अशा तक्रारी येऊ लागतात. यंदाही आल्या. घरातले माणूस डेंग्यूच्या तापाने फणफणत असताना लिहिलेल्या पत्रामागची तळमळ मला कळते. तरीही किनारपट्टीवर आरोग्य सेवक म्हणून सारी नोकरी घरोघर हिंडण्यात गेल्यामुळे स्पष्ट लिहितो, की ही मागणीच चुकीची आहे. नागरिकांनी ती करू नये आणि नगरपरिषदांनी ती पुरवून मोकळे होऊ नये.

धूरगाडी करते काय? डिझेलमध्ये कीटकनाशक मिसळून त्याचा दाट धूर सोडते. त्या क्षणी जो डास धुरात सापडेल तेवढा मरतो. पाण्यातल्या अळीला, कोषाला, अंड्याला काहीही होत नाही. धूर विरला की औषधाचा असर संपला, आणि खाऱ्या वाऱ्यावर तो बघता बघता विरतो. शिवाय ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो डेंग्यूचा एडिस इजिप्ती डास बहुतेक वेळ रस्त्यावर नसतोच. तो पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे, कपाटाआडच्या अंधारात बसलेला असतो. गाडीचा आवाज आला की आपण दारे-खिडक्या लावून घेतो आणि तो आत सुखरूप राहतो. गाडी येते बहुधा दिवेलागणीनंतर. एडिस चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि दिवस मावळण्याच्या आधी. साथ भडकली असेल तर रुग्णाच्या घरात आणि आसपासच्या घरांत आतून फवारणी जरूर करावी, तिला अर्थ आहे. रस्त्याने एक फेरी मारून गेलेल्या गाडीमुळे डेंग्यू आटोक्यात आल्याचे मात्र मी कुठेही पाहिलेले नाही.

रात्री कानाशी गुणगुणतो तो क्युलेक्स. तो गटारात आणि शौचालयाच्या टाकीत वाढतो. टाकीच्या व्हेंट पाइपला बारीक जाळी बांधली आणि सांडपाण्याला शोषखड्डा केला की त्याची पैदास फार घटते. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन हे करून दाखवले आहे. एडिसला मात्र गटार नको असते. त्याला साठवलेले स्वच्छ पाणी लागते, म्हणजे आपण पिण्या-वापरण्यासाठी भरून ठेवलेले. आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला जेमतेम आठ ते दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करा, असे आम्ही सांगत फिरायचो, ते याच हिशेबाने.

पण या सूचनेतला अर्धाच भाग लोकांपर्यंत पोहोचला. एडिसची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही, भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. ड्रम नुसता ओतून पुन्हा भरला की पाणी त्यांच्यापर्यंत चढते आणि अळ्या बाहेर पडतात. म्हणून पिंप, हौद, रांजण रिकामे करून आतून काथ्याने किंवा घासणीने खरवडून घासावे लागतात. घासले नाही, तर कोरडा दिवस पाळूनही उपयोग होत नाही.

फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, कुंड्यांखालच्या थाळ्या यांबद्दल आता शाळकरी मुलेही सांगतात. आपल्या किनाऱ्यावरच्या जागा मात्र कोणत्याही पत्रकात नसतात. परसात टाकलेल्या करवंट्या आणि शहाळी. सुपारीची गळून पडलेली झावळी, जिच्या खोलगट देठात ओंजळभर पाणी राहते. पडवीवर घातलेल्या ताडपत्रीच्या घड्या. मासळीचे थर्माकोलचे खोके. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात ओढून ठेवलेल्या होड्यांच्या तळाशी आणि त्यांना धक्का बसू नये म्हणून कडेला बांधलेल्या टायरांत पावसाचे पाणी साचते. मच्छीमार सोसायट्यांनी मनावर घेतले तर हे काम त्यांच्याइतके चांगले कोणीच करणार नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. माणसे घरात पाणी साठवतात कशासाठी? नळाला पाणी एक दिवसाआड येते म्हणून. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे बाईमाणसाला रांगेने ड्रम भरून ठेवावे लागतात, आणि त्या ड्रमात अळी सापडली की नोटीस तिच्याच हातात पडते. ड्रम घासायची जबाबदारी घराची आहे, हे मी वर म्हटलेच आहे. पण जी नगरपरिषद रोज पाणी देत नाही, तिने निदान झाकणे पुरवावीत आणि अळीनाशक टाकायला माणूस नेमाने पाठवावा. पाणीपुरवठा आणि डेंग्यू हे दोन विषय सभेत वेगवेगळे मांडले जातात तोवर दोन्ही सुटणार नाहीत.

घरोघरचे पाणी तपासण्यात नवे काही नाही. १९११ साली चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला. शहरातल्या घरोघरच्या विहिरींत अॅनॉफेलिस स्टीफेन्सी हा हिवताप पसरवणारा डास वाढतो, हे त्यात दाखवून दिले होते. विहिरी झाका किंवा बुजवा, हा उपाय पुढे आला तेव्हा धार्मिक कारणांवरून मोठा विरोध झाला. तो सोसूनही त्या शहराने विहिरी आणि गच्चीवरच्या टाक्या तपासण्याची पद्धत पाडली. हाच स्टीफेन्सी आता आपल्याकडच्या उंच इमारतींबरोबर लहान गावांत येतो आहे. स्लॅबला मुरवण्यासाठी घातलेली पाण्याची आळी, लिफ्टचा खड्डा, झाकण नसलेली टाकी त्याला पुरते. गोव्यात १९८६ पासून पणजीत हिवताप वाढला तो बांधकामांच्या जोडीनेच. तिथे पुढे बांधकाम मजुरांना आरोग्य कार्ड सक्तीचे झाले, आणि जिवाणूपासून केलेले बीटीआय हे अळीनाशक व अळी खाणारे स्थानिक मासे वापरून डास कमी करता येतात हे प्रत्यक्ष प्रयोगातून दिसले. आपल्याकडे बांधकाम परवाना देताना आरोग्य कार्डाची अट कोणी घालते का? गप्पी मासे सोडायचे तर बंद हौदात आणि विहिरीत सोडावेत. ओढ्यात सोडू नयेत, ते तिथल्या माशांना मारक ठरतात.

घरात रात्रभर कॉइल लावणाऱ्यांनाही विनंती आहे. एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. बंद खोलीत, तान्ह्या बाळाच्या उशाशी ती लावू नका. खिडक्यांना जाळी बसवा, मच्छरदाणी लावा, आणि मुख्य म्हणजे तापाच्या रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. तापाच्या पहिल्या दिवसांत त्याच्या रक्तात विषाणू असतो. त्याला चावलेला डास आठ-दहा दिवसांनी इतरांना डेंग्यू देऊ लागतो. ही साखळी एका मच्छरदाणीने तुटते, पण इतक्या वर्षांत दिवसा मच्छरदाणीत झोपवलेला रुग्ण मला क्वचितच दिसला.

म्हणून मागणी करायचीच तर ही करावी. आरोग्य कर्मचारी घरोघर कंटेनर सर्वेक्षण करतात. तपासलेल्या घरांपैकी शेकडा किती घरांत अळी सापडली, हा हाउस इंडेक्स त्यातून निघतो. तो कागद कार्यालयातच राहतो. नगरपरिषदेने तो जून ते नोव्हेंबर दर आठवड्याला प्रभागवार फलकावर लावावा, सरकारी कार्यालये, शाळा आणि बांधकामे यांची नोंद त्यात वेगळी दाखवावी, आणि धुराच्या डिझेलवर होणारा खर्च सर्वेक्षणाच्या रिकाम्या जागा भरण्याकडे वळवावा. नगरसेवकाला भेटाल तेव्हा गाडी कधी येणार, असे विचारू नका. आपल्या प्रभागात मागच्या आठवड्यात किती घरे तपासली आणि किती घरांत अळी निघाली, ते विचारा.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सेवक, रत्नागिरी जिल्हा