व्यवस्थापनाचे शास्त्र कोणासाठी?

1985 साली केंद्र सरकारने शिक्षण मंत्रालयाचे नाव बदलून ते मनुष्यबळ विकास मंत्रालय असे केले. 2020 साली जुने नाव परत आले. कारखान्यांच्या कार्यालयांतून मात्र ही परिभाषा हललेली नाही. तेथे पूर्वी कामगार अधिकारी बसत, पुढे कार्मिक विभाग आला, आता मानव संसाधन विभागाची पाटी आहे. कोळसा, कापूस, यंत्रे आणि भांडवल ही जशी साधने, तशीच माणसे! पाटी बदलल्याने आतला कारभार बदलतो असे नव्हे. पण माणसाला साधन म्हटले की त्याचा वापर करणारा दुसराच कोणी असतो, हे ओघानेच आले.

या विचाराचे मूळ अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर याच्या 1911 सालच्या ग्रंथात स्पष्ट दिसते. कामाचा विचार व्यवस्थापकाने करावा आणि कामगाराने सांगितल्याप्रमाणे हात चालवावेत, हे त्याच्या 'शास्त्रीय व्यवस्थापना'चे सार. बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात बिडाचे ठोकळे वाहणारा मजूर दिवसाला साडेबारा टन माल उचलीत असे. प्रत्येक हालचाल घड्याळावर मोजून टेलरने हे प्रमाण साडेसत्तेचाळीस टनांवर नेले, आणि मजुरी 1.15 डॉलरवरून 1.85 डॉलर केली. हे आकडे खुद्द टेलरने दिलेले आहेत. काम जवळजवळ चौपट झाले आणि मजुरी दीडपटीहून थोडी अधिक! मधली तफावत कोणाच्या पदरात पडावी, हा प्रश्न घड्याळाने सुटणारा नव्हता. त्याच वर्षी वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रागारातील ओतकाम करणाऱ्या कामगारांनी या घड्याळाविरुद्ध संप केला, तो याच कारणाने.

नंतरच्या पिढीने भाषा मवाळ केली. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 ते 1932 या काळात प्रयोग झाले आणि कामगाराची आस्थेने विचारपूस केली की उत्पादन वाढते, असा निष्कर्ष त्यांतून काढला गेला. परंतु त्यांतील एका गाजलेल्या प्रयोगासाठी निवडलेल्या पाच मुलींपैकी दोघींना, त्या फार बोलतात व सहकार्य करीत नाहीत म्हणून, मध्येच वगळण्यात आले होते. ही आस्था नेमकी किती होती, ते येथे कळते. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना 1890 साली साप्ताहिक सुटी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली संघटित झाल्यामुळे. मालकांना कोणी मानसशास्त्र शिकविले म्हणून नव्हे.

मग व्यवस्थापन हे सर्वस्वी भांडवलदारांचे थोतांड मानावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. फ्रेंच अभियंता हेन्री फेयॉल याने 1916 साली नियोजन, संघटन, आज्ञा, समन्वय आणि नियंत्रण ही व्यवस्थापनाची पाच कार्ये सांगितली. सहकारी संस्था असो की कामगार संघटना, यांतील बहुतेक कामे कोणाला तरी करावीच लागतात. आज्ञा देण्याचा अधिकार भांडवलाच्या मालकीतून येतो की काम करणाऱ्यांच्या संमतीतून, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

भारतीय राज्यघटनेने याचे उत्तर दिलेले आहे. 1976 साली समाविष्ट झालेले अनुच्छेद 43-अ उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व ठरविते. त्यासाठी 1990 साली राज्यसभेत विधेयकही मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने आलेल्या कार्यसमित्यांना निर्णयाचा अधिकार कधीच मिळाला नाही. आणि 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने तर उलटी दिशा धरली. कामगारकपात करण्यापूर्वी किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन केंद्रीय कायद्याने 100 कामगारांच्या कारखान्यापासून लागू होते. ते आता 300 पासून लागू होते. संसाधन विकसित करण्याच्या गोष्टी एकीकडे, आणि ते टाकून देण्याची मोकळीक दुसरीकडे!

कुर्ल्याचा कमानी ट्यूब्स हा बंद पडलेला कारखाना 1988 साली सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने कामगारांनी चालवायला घेतला. यंत्रे त्यांना ठाऊक होती; खेळते भांडवल, बाजारपेठ आणि बँकेची पत यांच्याशी झुंजणे अधिक कठीण गेले, आणि पुढे तो कारखाना पुन्हा अडचणीत आला. कामगारांना कारभार जमत नाही, असा याचा अर्थ लावणारे कमी नाहीत. मालकांच्याच हाती तो आधी बुडाला होता, हे ते सोयीस्करपणे विसरतात. कारभाराचे ज्ञान पिढ्यानपिढ्या कामगारापासून दूर ठेवले गेले. ते संघर्षाच्या ऐन क्षणी एकाएकी हाती येत नाही, हा त्यातील धडा आहे.

म्हणून आमच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे की, वेतनवाढीच्या मागणीपत्राबरोबरच कंपनीचा ताळेबंद वाचायला शिका. कामाचे मान कोणी व कसे ठरविले ते विचारा. कायम कामगारांच्या यादीत नाव नसलेल्या कंत्राटी मजुराला त्या चर्चेत बरोबर घ्या. सर्वांत स्वस्त 'संसाधन' म्हणून आज त्याचाच वापर होत आहे. अनुच्छेद 43-अ ची अंमलबजावणी मागण्याचा अधिकार आपल्याला आहेच. ती मागणी पदरात पडेल त्या दिवशी कारभार हाती घेण्याची तयारी मात्र आजपासूनच करावी लागेल.